मादी गेको अंडी देत नाही: अडकलेली अंडी, पोकळ अंडी आणि न जमणाऱ्या जोड्या

मादी गेकोच्या (पाळीव पालीच्या) पोटात दोन अंडी स्पष्ट दिसतायत, ती रात्रभर माती उकरतेय आणि सकाळी अंड्यांच्या डब्यात काहीच नाही. किंवा अंडी येतात, पण दर वेळी पिवळट, मऊ आणि दोन दिवसांत चेपलेली. किंवा नर टँकमध्ये सोडला की ती त्याच्यावर धावून जाते. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी मुळाशी तीच थोडी कारणं पुन्हा पुन्हा सापडतात: मादीचं वजन, कॅल्शियम, टँकचं तापमान आणि अंडी घालायची जागा. बिघाड आज दिसतो, पण त्याची सुरुवात बहुतेक वेळा दोन-तीन महिने आधी झालेली असते. म्हणून नर आणण्याआधी मादीची तयारी नीट झाली तर निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

खालचे आकडे लेपर्ड गेको या जातीचे आहेत. क्रेस्टेड गेको या दुसऱ्या जातीचं गणित जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलं आहे.

घाई कधी करायची

अडकलेली अंडी जीव घेतात, म्हणून हा भाग सगळ्यात आधी. पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या:

- मादी 48 तासांहून जास्त वेळ उकरतेय, अस्वस्थ आहे आणि अंडं आलेलं नाही.
- एक अंडं आलं, दुसरं पोटात दिसतंय आणि 24 ते 48 तास उलटले.
- पोटात तयार अंडी दिसू लागून 30 दिवस झाले.
- मादी गळून गेली आहे, डोळे खोल गेलेत, मागचे पाय ओढतेय किंवा बोटं थरथरतायत.
- शेपटीच्या मुळाशी असलेल्या छिद्रातून मांसाचा लाल-गुलाबी भाग बाहेर आला आहे.

शेवटच्या प्रकारात बाहेर आलेला भाग सुकू देऊ नका. सलाइनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने तो ओला ठेवा, खाली माती किंवा कोकोपीटऐवजी ओला टिश्यू पेपर अंथरा आणि निघा. तो भाग स्वतः आत ढकलायचा प्रयत्न नको.

यातलं काही नसेल, मादी चालती-फिरती आणि सावध असेल, तर घरी एक दिवस प्रयत्न करायला हरकत नाही. गरम बाजूच्या पृष्ठभागाचं तापमान 31 ते 33 अंशांवर आहे का ते प्रोब थर्मामीटरने मोजा. 29-30 अंश कोमट पाण्यात, पोट जेमतेम बुडेल इतक्या खोलीत, 15 ते 20 मिनिटं ठेवा. अंड्यांचा डबा ताज्या ओल्या मिश्रणाने भरा, टँक झाकून अंधार करा आणि तिला एकटं सोडा. दर तासाला झाकण उघडून बघितलं तर ती घालायला बसलेली असली तरी उठते. 24 तासांत काही झालं नाही, तर घरचे उपाय तिथेच संपले.

पोट दाबून अंडं पुढे सरकवणं, छिद्रात तेल घालणं, चिमट्याने ओढणं यातलं काहीही करू नका. अंडवाहिनीची भिंत पातळ असते. अंडं आत फुटलं तर बलक पोटाच्या पोकळीत पसरतो आणि त्याची सूज बऱ्याचदा जीवावर बेतते. ऑक्सिटोसिनचं (अंडवाहिनीला आकुंचन पावायला लावणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शनही स्वतः देऊ नका. अंडं मोठं असेल, वाकडं अडकलं असेल किंवा वाट अरुंद असेल, तर ते औषध वाहिनीला बंद दारावर ढकलायला लावतं आणि ती फाटू शकते. शिवाय सरड्यांच्या वर्गात ऑक्सिटोसिनचा परिणाम कासवांइतका भरवशाचा नसतो.

पशुवैद्य साधारण या क्रमाने जातात: एक्स-रे किंवा सोनोग्राफी, अंगातलं पाणी भरून काढणं, कॅल्शियम, आणि वाट मोकळी असल्याची खात्री झाल्यावर ऑक्सिटोसिन किंवा त्याच कामाचं आर्जिनिन व्हॅसोटोसिन. तेवढ्याने काम झालं नाही तर अंड्यातला द्रव सुईने काढून ते लहान करतात किंवा शस्त्रक्रिया करतात. शस्त्रक्रियेची वेळ आली तर एक प्रश्न आवर्जून विचारा: अंडवाहिनीसोबत अंडाशयही काढणार का? नुसती वाहिनी काढून अंडाशय ठेवले, तर पुढच्या हंगामात सुटलेला बलक थेट पोटात पडतो. दोन्ही काढलेली मादी पुढे अंडी देणार नाही, पण पाळीव प्राणी म्हणून चांगलं जगू शकते.

पोटात दिसतंय ते नेमकं काय आहे

पुढचा सगळा हिशेब याच एका गोष्टीवर उभा आहे, आणि सगळ्यात जास्त गल्लतही इथेच होते. मादीला पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, डबा वर धरा आणि टॉर्चच्या उजेडात खालून पोट बघा. उचलून उलटी करू नका.

पोटाच्या मध्यावर दोन्ही बाजूंना गोल, गुलाबी-पिवळसर, अस्पष्ट कडांचे ठिपके दिसत असतील, कधी दोनाहून जास्त, तर ते फॉलिकल आहेत. ती अजून अंडी नाहीत. अंडाशयावर बलक साठतोय एवढाच त्याचा अर्थ. फॉलिकल सुटून वाहिनीत आले आणि त्यांना कवच चढू लागलं की चित्र बदलतं: दोनच आकार उरतात, लांबट, पांढरट, ठळक कडांचे, पोटाच्या मागच्या बाजूला सरकलेले. मादीचं पोट दोन्ही अंगांनी फुगतं आणि वरून बघितलं तरी कळतं. लांबट आकार पहिल्यांदा दिसला ती तारीख लिहून ठेवा. तिथून 2 ते 4 आठवड्यांत अंडी यायला हवीत. ही तारीख नसेल तर उशीर झालाय की नाही हे पशुवैद्यालाही अंदाजानेच ठरवावं लागतं.

फॉलिकल सुटण्याच्या सुमारास मादी खाणं सोडते. आठवडा, दोन आठवडे, कधी तीन. वजन टिकून असेल तर हे नैसर्गिक आहे आणि बळजबरीने भरवायची गरज नाही. वजन 10 टक्क्यांहून जास्त उतरलं तर मात्र ते उपोषण वेगळ्या कारणाचं समजा.

आता अडचणीचा प्रकार. गोल फॉलिकल महिना-दीड महिना तसेच राहतात, ना सुटतात ना शरीरात परत शोषले जातात. मादी खात नाही, पोट टम्म, पाठ आणि शेपटी मात्र वाळत जाते. याला फॉलिकल अडकणं म्हणतात आणि तो अडकलेल्या अंड्यांपेक्षा वेगळा आजार आहे. इथे कोमट पाणी, डबा, ऑक्सिटोसिन यांचा काहीच उपयोग नाही, कारण बाहेर यायला अंडंच तयार झालेलं नाही. सोनोग्राफीने निदान होतं आणि खात्रीचा उपाय म्हणजे अंडाशय काढणं. नर कधीच न बघितलेल्या मादीतही हे होतं, त्यामुळे "माझ्याकडे एकच मादी आहे, मला काय करायचंय" असं म्हणून सोडून देऊ नका. लठ्ठ, फारशी न हलणाऱ्या आणि वर्षभर एकाच तापमानात, एकाच लांबीच्या दिवसात ठेवलेल्या माद्यांकडे यासाठी विशेष लक्ष द्या.

फॉलिकल दिसले आणि काही आठवड्यांत मादी पुन्हा खायला लागून ते नाहीसे झाले, तर ते शोषले गेले. त्यात काळजीचं काही नाही.

वजन

ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या आणि आठवड्यातून एकदा, खायला देण्याआधी, वजन लिहा. नर दाखवण्याआधी मादी किमान 50 ग्रॅमची आणि किमान वर्षाची हवी. 18 महिने झाले असतील तर जास्त चांगलं. क्रेस्टेडसाठी 35 ग्रॅम आणि 18 महिने ही खालची मर्यादा धरा. आठ महिन्यांत 50 ग्रॅम गाठलेली लेपर्ड मादी वजनाने तयार दिसते, पण हाडं अजून वाढत असतात. तिच्या कॅल्शियमला दोन वाटेकरी झाले की पहिल्याच हंगामात जबडा मऊ पडतो.

आकड्यासोबत शेपटी बघा. शेपटीचा जाड भाग मानेएवढा रुंद असावा. मानेपेक्षा बारीक असेल तर यंदा थांबा. उलट टोकही धोक्याचं आहे: काखेत फुगे, पोटावर चरबीच्या गाद्या आणि सामान्य बांध्यात 80 ग्रॅमच्या वर वजन असेल तर यकृतावर चरबी चढलेली असू शकते. अशी मादी अंडी घालताना लवकर थकते. वॅक्सवर्म (चरबीयुक्त अळ्या) बंद करा, खाणं आठवड्यातून दोनदावर आणा आणि वजन हळूहळू उतरवा. हंगामाच्या तोंडावर उपाशी ठेवून नाही.

खातेय तरी शेपटी वाळतेय असं दिसलं तर प्रजननाचा विचार सोडा आणि विष्ठेची तपासणी करा. क्रिप्टोस्पोरिडियम (पोट-आतड्यातला संसर्गजन्य परजीवी) असेल तर ती मादी इतर सगळ्यांपासून वेगळी ठेवावी लागते. नवीन आणलेला नर किंवा मादी 60 ते 90 दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांवर ठेवायची ती याच भीतीने.

कॅल्शियम

लेपर्ड गेकोच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं असतं, डे गेको किंवा टोके गेकोसारखं कडक नसतं. त्यामुळे "हिला कॅल्शियम कमी लागतं" असा समज पसरतो. पण अंडं बाहेर ढकलणारे स्नायू आकुंचन पावायलाही रक्तात कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं की अंडं योग्य आकाराचं, वाट मोकळी, डबा उत्तम, आणि तरीही अंडं येत नाही. अडकलेल्या अंड्यांच्या मागे हे कारण वारंवार असतं.

रातकिडे, मीलवर्म, झुरळं या सगळ्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी. एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट यायला हवं, आणि ते भुकटीशिवाय जमत नाही. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी घ्या. पिशवीत किडे आणि चिमूटभर भुकटी टाकून हलवा आणि लगेच खायला द्या. अर्ध्या तासाने किडे अंग झाडून बरीचशी भुकटी उतरवतात, म्हणून टँकमध्ये मोकळे सोडलेले किडे मोजू नका. हंगामात प्रत्येक जेवणाला भुकटी, शिवाय एका उथळ झाकणात डी3 जीवनसत्त्व नसलेलं साधं कॅल्शियम कायम ठेवा. गरज असेल तसं मादी ते चाटते.

डी3 मोजून द्या. टँकवर यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल तर आठवड्यातून दोनदा डी3 असलेली भुकटी. मंद यूव्हीबी असेल तर त्याहून कमी. जास्त झालेलं डी3 शरीराबाहेर सहज जात नाही आणि कॅल्शियम मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांत साचतं, म्हणून "अंडी देतेय, जरा जास्त देऊ" हा हिशेब इथे लावू नका. मल्टीव्हिटॅमिन आठवड्यातून एकदा पुरे. त्यात अ जीवनसत्त्व आहे का ते डब्यावर वाचा: ते कमी असेल तर कात बोटांवर आणि डोळ्यांवर अडकते, आणि वाहिनीच्या आतल्या अस्तरावरही परिणाम होतो.

किड्यांना खायला द्यायच्या आधी 24 ते 48 तास ताजी हिरवी पानं आणि कॅल्शियमयुक्त खाद्य द्या. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं कवच.

क्रेस्टेडमध्ये कॅल्शियमचा साठा डोळ्यांना दिसतो. तोंड उघडल्यावर टाळूच्या मागच्या भागात दोन पांढऱ्या पिशव्या दिसतात. भरलेल्या असतील तर ठीक. दिसेनाशा झाल्या असतील तर नर लगेच वेगळा करा, कारण पुढचं अंडं हाडांतून कॅल्शियम खेचणार आहे.

बोटं फडफडणं, खालचा जबडा हलक्या बोटाने दाबला तर वाकणं, चालताना पोट जमिनीला घासणं ही कमतरतेची उघड लक्षणं आहेत. या टप्प्यावर भुकटी पुरत नाही. इंजेक्शन किंवा तोंडावाटे द्यायच्या द्रवाची मात्रा पशुवैद्यच ठरवतात.

अंड्यांचा डबा

निरोगी मादी जागा पसंत न पडल्यामुळे अंडी धरून ठेवते, आणि धरून ठेवलेली अंडी पुढे अडकतात. म्हणून डबा नर दाखवल्या दिवसापासून टँकमध्ये असावा, उकरायला लागल्यावर नाही.

झाकणाचा, अपारदर्शक, मादी आत पूर्ण वळू शकेल इतका मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या. साधारण 20 बाय 15 सेंटिमीटर आणि 10 सेंटिमीटर उंच. बाजूला किंवा झाकणात 5 सेंटिमीटरचं भोक पाडा आणि कडा घासून गुळगुळीत करा, नाहीतर भरलेलं पोट कापतं. आत कोकोपीट किंवा कोकोपीट आणि स्फॅग्नम मॉस यांचं मिश्रण, 6 ते 8 सेंटिमीटर खोल. दोन सेंटिमीटरचा थर चालत नाही: ती उकरते, तळ लागतो, बाहेर येते, पुन्हा जाते. दिवसभर उकरून रिकामा डबा याचं सगळ्यात साधं कारण हेच.

ओलावा मुठीने तपासा. मूठभर मिश्रण घट्ट दाबलं तर गोळा टिकावा, पण थेंब पडू नये. थेंब पडत असेल तर अंडी पाणी शोषून फुगतील. गोळा सुटत असेल तर खड्डा ढासळेल आणि मादी नाद सोडेल. डबा गरम आणि थंड बाजूच्या मधे, आतलं तापमान 27 ते 29 अंश राहील असा ठेवा. थेट हीट मॅटवर ठेवलेला डबा तळाकडून सुकतो आणि वरून बोट लावलं तर ओलाच लागतो.

टँकमध्ये दुसरी मादी असेल तर एक डबा पुरत नाही. वरचढ मादी आत बसून राहते आणि दुसरी उघड्यावर अंडी टाकते. अंडी पाण्याच्या भांड्यात किंवा थंड कोपऱ्यात सापडत असतील तरी आधी डब्याची खोली, ओल आणि जागा या तीन गोष्टीच तपासा.

नराला नकार

आधी दोघांची खात्री करा. नराला छिद्राच्या वर इंग्रजी व्ही आकारात ठळक, मेणचट ठिपक्यांची रांग असते आणि छिद्राखाली दोन फुगवटे. मादीच्या ठिपक्यांच्या खुणा फिकट असतात, फुगवटे नसतात. जोडी म्हणून विकत घेतलेल्या दोन माद्या हा प्रकार कमी नाही. आणि दोन नर असतील तर ते एकमेकांना फाडतात.

खात्री झाल्यावर नर मादीच्या टँकमध्ये सोडा आणि समोर बसून बघा. नर शेपटीचं टोक जलद थरथरवतो, जवळ येतो, शेपटी आणि मग मान धरतो. तयार मादी जागच्या जागी थांबते आणि शेपटी उचलते. तयार नसलेली वळून चावते, ओरडते, पळते. तसं झालं तर नर लगेच बाहेर काढा आणि आठवड्याने पुन्हा प्रयत्न करा. फॉलिकल दिसू लागल्यावर नकार सहसा मावळतो, म्हणून टॉर्चची तपासणी इथेही कामाला येते. मानेवर हलके दातांचे व्रण चालतील. कातडी फाटली तर ती जोडी सोडा.

नर कायम सोबत ठेवू नका. मादी शुक्राणू साठवून ठेवते आणि एका मीलनावर पुढच्या अनेक खेपा फलित होऊ शकतात. सतत सोबत असलेला नर तिचं खाणं आणि झोप मोडतो आणि वजन उतरायला लागतं.

सलग दोन-तीन महिने काहीच घडत नसेल तर थंडावा द्या, पण फक्त निरोगी आणि भरलेल्या मादीला. दोन आठवडे खाणं बंद करून पोट रिकामं होऊ द्या, मग 4 ते 6 आठवडे तापमान 18 ते 21 अंशांदरम्यान आणि उजेड 10 तास, पाणी कायम. आत अन्न असताना गारवा दिला तर ते पोटात सडतं. त्यानंतर आठवडाभरात हळूहळू नेहमीच्या तापमानावर आणा. क्रेस्टेडला हा प्रयोग लागू नाही. त्याला 22 ते 26 अंश हवेत, आणि 28 च्या वर तोच आजारी पडतो.

काही माद्या नराला कधीच जवळ येऊ देत नाहीत. लेपर्ड गेकोचं लिंग उबवणीच्या तापमानावर ठरतं: 26 अंशांना माद्या, 32.5 च्या आसपास बहुतांश नर, 34 ला पुन्हा बहुतांश माद्या. 1988 मध्ये गट्झके आणि क्रूज यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की जास्त उष्णतेत उबवलेल्या माद्या आक्रमक असतात आणि प्रजननात कमी पडतात. विकत आणलेल्या मादीचं उबवणीचं तापमान माहीत नसेल आणि बाकी सगळं बरोबर असूनही ती दोन हंगाम काहीच देत नसेल, तर तिला सुखाने एकटी राहू द्या.

अंडी पोकळ येतात

पहिल्या हंगामातल्या मादीची पहिली खेप बऱ्याचदा पोकळ (फलित न झालेली) असते, कधी एकच अंडं येतं. त्यावरून नर बदलू नका. दुसरी-तिसरी खेपही तशीच गेली तर मग शोधा.

अंधारात अंड्याखाली छोटा एलईडी टॉर्च धरा. पहिल्या आठवड्यात फलित अंड्यात लालसर ठिपका आणि त्याभोवती रक्तवाहिन्यांचं वर्तुळ दिसतं. पोकळ अंडं एकसारखं पिवळं चमकतं. अंडं फिरवू नका. ज्या बाजूने सापडलं ती वरची बाजू पेन्सिलने खूण करून तशीच ठेवा. पहिल्या दिवसानंतर भ्रूण कवचाला चिकटतो आणि अंडं उलटलं तर तो मरू शकतो.

नराचं वय वर्षाच्या आत असेल, तो हल्लीच अतिउष्णतेत राहिला असेल किंवा फुगवट्यांजवळ मेणासारखे खडे अडकले असतील तर दोष त्याच्याकडे आहे. हंगामाच्या सुरुवातीच्या खेपा चांगल्या आणि शेवटच्या पोकळ असतील तर साठवलेले शुक्राणू संपले एवढंच.

अंडी फलित असून आठवड्या-दोन आठवड्यांत मरत असतील तर मादीला दोष देऊ नका, उबवणी तपासा. व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि पाणी वजनाने 1 ला 0.8, तापमान 27-28 अंश, चढउतार एका अंशाच्या आत. चेपलेलं अंडं कोरडं पडलंय. पाणी मिश्रणात कडेने घाला, अंड्यावर नाही.

रंगांच्या हौसेबद्दल एक गोष्ट. लेमन फ्रॉस्ट रंगाच्या गेकोंना त्या रंगाच्याच जनुकातून त्वचेच्या गाठी होतात. 2021 मध्ये त्याचा संबंध स्पिंट1 या जनुकाशी जोडला गेला. अशा मादीला अंडी घालायला लावणं आम्हाला पटत नाही.

हंगाम कधी थांबवायचा

लेपर्ड मादी दर 2 ते 4 आठवड्यांनी दोन अंडी देते आणि मोकळी सोडली तर हंगामात पाच-सहा खेपा सहज जातात. प्रत्येक खेपेनंतर त्याच दिवशी पाणी, नंतर भुकटी लावलेलं खाणं, आणि तिसऱ्या दिवशी वजन. दोन खेपांमध्ये वजन भरून येत नसेल, 45 ग्रॅमच्या खाली गेलं असेल किंवा शेपटी मानेपेक्षा बारीक झाली असेल तर पुढची खेप नको.

नर बाजूला केला म्हणून अंडी थांबत नाहीत, साठवलेले शुक्राणू आहेतच. उजेडाचे तास 14 वरून दर आठवड्याला एकेक तास कमी करत 10 वर आणा आणि रात्रीचं तापमान 20-21 अंशांपर्यंत उतरू द्या. दिवसाची गरम जागा मात्र तशीच ठेवा, कारण पोटात आधीच तयार झालेली अंडी तिला घालायची आहेत. शेवटच्या खेपेनंतरही डबा महिनाभर टँकमध्येच ठेवा आणि टॉर्चची तपासणी आठवड्याला चालू ठेवा.